गायरीतला 'निळा साप': देवगांडुळाविषयी थोडं सविस्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. कुडाळजवळच्या एका वाडीत मिरगाच्या आधी गायरी, म्हणजे शेणखताचा खड्डा, उपसताना हातभर लांब, बोटाएवढा जाड, निळसर-जांभळा आणि बुळबुळीत प्राणी निघाला. डोळे दिसेनात, तोंड कुठलं नि शेपूट कुठलं ते कळेना. आजी म्हणाली, "दुतोंड्या आहे, चावला तर पाणी मागू देत नाही." भावाने कोयता उचलला, तुम्ही त्याला अडवलंत, फोटो काढलात आणि तीन गोष्टी विचारल्यात: हा साप कोणता, विषारी आहे का, आणि तोडला तर एकाचे दोन होतात हे खरं का.

शेवटच्याचं उत्तर आधी देतो, कारण कोयता अजून घरातच असणार. दोन होत नाहीत. तोडला तर मरतो, आणि दोन्ही तुकडे थोडा वेळ वळवळत राहतात म्हणून ही समजूत झाली आहे. दुसरं, हा साप नाही. गांडूळही नाही. याला पाठीचा कणा आहे, कवटी आहे, फुप्फुस आहे, जबड्यात दातांच्या रांगा आहेत. हा बेडकाचा नातलग आहे. मराठीत याला देवगांडूळ म्हणतात. उभयचरांची तीन घराणी: बेडूक, पालीसारखे दिसणारे सॅलमँडर आणि हे बिनपायाचे. पहिलं घराणं रात्रभर ओरडून आपण आहोत हे सांगतं. तिसरं जमिनीखाली गप्प राहतं, म्हणून चार पिढ्या एकाच वाडीत राहिलेल्या माणसालाही ते नवं वाटतं.

मी गेली बावीस वर्षं दक्षिण कोकणात साप-बेडूक बघत फिरतो आहे. 'निळा साप निघालाय' असा फोन दर पावसाळ्यात चार-पाचदा येतो. पोचेपर्यंत निम्म्या वेळा तो ठेचलेला असतो.

ओळख कशी करायची ते सांगतो, कारण आपल्याकडे याच्याशी गोंधळ होणारी मंडळी बरीच आहेत. मांडूळ म्हणजे ज्याला पैशाच्या हावेने लोक 'दुतोंड्या' म्हणून चोरून विकतात तो. तो खरा साप, जाडजूड, कोरडा, खवल्यांचा, आणि १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित. वाळा हाही सापच, पण सुतळीएवढा बारीक, चकचकीत, आणि हातात घेतला तर शेपटीचं टोक टोचतो. खापरखवल्याची शेपूट तिरकी कापल्यासारखी खरखरीत असते. देवगांडूळ यांपैकी कुणासारखंच हाताला लागत नाही. ते ओलं असतं. अंगभर वळ्या असतात, गांडुळासारख्याच, पण तोंडाजवळ नीट पाहिलंत तर खालचा जबडा जरा आत घेतलेला, शार्कसारखा, दिसतो. जीभ बाहेर काढून लपलप करत नाही. साप करतो.

तुमच्या फोटोत तोंडाच्या बाजूला, कातडीखाली, मोहरीपेक्षाही बारीक काळपट ठिपका आहे. तो डोळा. म्हणजे हे इक्थिओफिस कुळातलं असावं; आपल्याकडे बहुधा इक्थिओफिस बॉम्बेएन्सिस. नुसत्या फोटोवरून मी याहून पुढे जाणार नाही, कारण खरी जात ठरवायला अंगावरच्या वळ्या मोजाव्या लागतात आणि दात बघावे लागतात. गंमत म्हणजे नावात 'बॉम्बे' असलं तरी ज्या नमुन्यावरून एडवर्ड टेलर या अमेरिकन अभ्यासकाने १९६० साली ही जात नोंदवली, तो डांगातल्या वाघईचा होता. तेव्हाच्या मुंबई राज्यात होतं, आज गुजरातेत आहे. प्राणी जागचा हलला नाही, सीमा हलली.

आता तुम्ही विचारलं नाहीत ते सांगतो. कारण 'डोळे नाहीत, पाय नाहीत, काहीच नाही' असं तुम्ही लिहिलंत, आणि तिथेच सगळ्यांची चूक होते. या प्राण्याने काही फारसं टाकून दिलेलं नाही. जे वापरात राहिलं नाही ते दुसऱ्या कामाला लावलंय.

डोळ्याचंच घ्या. मातीत डोळा काय कामाचा? काही जातींत तो कातडीखाली गेला, काहींत थेट कवटीच्या हाडाखाली. पण डोळ्याला आत ओढणारा जो स्नायू बेडकाला असतो, तो इथे फुकट गेला नाही. डोळा आणि नाकपुडी यांच्या मध्ये दोन्ही बाजूंना एकेक बारीक स्पर्शक असतो, टाचणीच्या टोकाएवढा. तो बाहेर येतो, मातीला लागतो, आत जातो. त्याला आत ओढतो तो डोळ्याचाच जुना स्नायू. त्याला ओला ठेवते ती डोळ्याचीच ग्रंथी. आणि मातीतला वास नाकातल्या खास वास-इंद्रियापर्यंत पोचतो तो मूळच्या अश्रूंच्या नळीतून. बेडकाला नाही, सापाला नाही, सॅलमँडरला नाही. हा अवयव जगात फक्त देवगांडुळांकडे आहे. भिंगाखाली एकदा बघितलात तर 'आंधळं' हा शब्द परत वापरणार नाही. तो बाहेर-आत होताना दिसायला मात्र धीर लागतो. मला पहिल्यांदा दिसला तो ओल्या मातीच्या ताटलीसमोर कंदील घेऊन पाऊण तास बसल्यावर.

चालण्याची रीत त्याहून भारी. बहुतेक साप कणा आणि कातडी एकत्रच वळवतात. देवगांडुळाचं तसं नाही. याची बाहेरची नळी, म्हणजे कातडी आणि पोटाभोवतीचे स्नायू, आणि आतला कणा हे बऱ्याच अंशी स्वतंत्र हलतात. लेंग्याच्या नेफ्यातल्या नाडीसारखं समजा. बाहेरची नळी बिळाच्या भिंतीला घट्ट टेकून जागीच राहते, आत कणा नाडीसारखा गोळा होतो, नागमोडी होतो. मग नळीच्या स्नायूंनी आतल्या पाण्यावर दाब आला की नळी लांबते, नाडी सरळ होते आणि डोकं पुढे घुसतं. अंगभर तिरके, एकमेकांना छेदणारे तंतू असतात, म्हणून दाब वाया न जाता पुढच्या दिशेने जातो. १९९७ साली मेक्सिकोतल्या एका जातीवर प्रयोग करून हे मोजलं गेलं, तेव्हा तेवढ्याच आकाराच्या बिळात राहणाऱ्या सापापेक्षा याचा जोर दुपटीच्या आसपास भरला. कुदळीने फुटत नाही ती दाबलेली लाल माती ही बया डोक्याने कशी भेदते याचं उत्तर यात आहे. आणि ते डोकंही तसंच. बेडकाची कवटी म्हणजे काटक्यांचा मांडव. याची कवटी हाडं एकमेकांत घट्ट बसवून केलेली, पहारीच्या टोकासारखी.

पण कवटी अशी बंद केली की नवी अडचण. जबडा मिटणारे स्नायू राहायचे कुठे? कवटीच्या बाजूला जागाच उरली नाही. त्यावर उपाय असा की एक जादा स्नायू गळ्याकडून येऊन खालच्या जबड्याच्या मागच्या टोकाला धरतो आणि ते टोक खाली-मागे ओढतो. आमच्याकडे जुन्या आगरांत विहिरीवर लाट असायची, आठवत असेल तुमच्या आजीला: मागचं टोक खाली गेलं की पुढचं वर येतं. तसंच. मागचं टोक खाली गेलं की पुढचा जबडा वर येतो आणि तोंड मिटतं. गांडूळ, वाळवी, किड्यांच्या अळ्या हे याचं खाणं. मोठं गांडूळ धरलं की ते सोडवून घ्यायला बघतं, मग हे स्वतःच अंगाभोवती गरगर फिरतं, पिळा घालतं, आणि तुकडा तोडतं. मगर करते तेच, फक्त बिळात. तुमच्या गायरीत ते का होतं हे आता वेगळं सांगायला नको. शेणाच्या कडेची ओली माती म्हणजे याच्यासाठी भरलेलं ताट.

विषाचा प्रश्न. माणसाला धोका नाही. मोठ्याने बोट धरलंच तर चिमटा बसेल. बावीस वर्षांत कुणाला याच्यापासून इजा झालेली मी पाहिली नाही. पण 'विष अजिबात नाही' असंही मी म्हणणार नाही, कारण ते खरं नाही. कातडीत विषारी ग्रंथी असतात. भक्षकाला चव नकोशी व्हावी यासाठी. ब्राझीलमधल्या सिफोनॉप्स अॅन्युलॅटस या जातीत त्या शेपटीकडच्या भागात दाटलेल्या असतात आणि डोक्याकडे नुसत्या बुळबुळीच्या ग्रंथी असतात: पुढून वंगण, मागून बंदोबस्त. त्याच जातीत २०२० साली दातांच्या मुळाशीही ग्रंथी सापडल्या आणि त्यांच्या स्रावात सापाच्या विषात असतं तसं एक विकर (एन्झाइम) काम करताना दिसलं. आपल्या जातींत असं काही आहे असं मी म्हणत नाही. हाताळलंत तर हात साबणाने धुवा आणि तोवर डोळे चोळू नका. बेडकालाही हाच नियम.

आता ज्या गोष्टीसाठी मी एवढं लांबण लावलं ती.

या प्राण्याचं आईपण. आपल्या इक्थिओफिसची मादी पाण्याच्या जवळ, ओढ्याच्या किंवा पाटाच्या कडेला ओल्या मातीत कोनाडा करते आणि अंडी घालते. ती एकमेकांना धाग्याने जोडलेली असतात, द्राक्षाच्या घोसासारखी. मग मादी त्या घोसाभोवती वेटोळं घालून बसते आणि पिल्लं निघेपर्यंत सोडत नाही. श्रीलंकेत सरासिन या स्विस चुलतभावांनी हे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बघून चितारून ठेवलंय. पिल्लं निघाली की पाण्यात जातात, शेपटीला बारीकसा पर असतो, आणि मोठी झाली की परत मातीत येतात. मी असं वेटोळं आयुष्यात तीनदाच पाहिलं. एकदा पोफळीच्या बागेत पाट साफ करताना, नारळाच्या जुन्या सोडणांच्या ढिगाखाली. गड्याने सोडण उचललं, ती हलली नाही. बाकी वेळेला उजेड लागला की हे प्राणी क्षणात मातीत शिरतात. ती फक्त अंडी आणखी आवळून बसली. आम्ही सोडण होतं तसं ठेवलं आणि पाट त्या दिवशी अर्धवट राहिला.

हे झालं सरळमार्गी आईपण. केनियातल्या टाइटा टेकड्यांत बूलेंजरुला टाइटाना नावाची जात आहे. तिची पिल्लं अंड्यातून बाहेर येतात तेव्हा आईची कातडी बदललेली असते: जाड, फिकट, चरबी आणि प्रथिनांनी भरलेली. पिल्लांना त्या वयापुरते खास दात असतात, आकड्यांसारखे. त्या दातांनी ती आईच्या अंगावरचा वरचा थर खरवडून खातात. आई शांत पडून असते. थर परत भरतो, पिल्लं परत खातात. २००६ साली हे उजेडात आलं. आठवडाभरात आईचं वजन सुमारे सातव्या हिश्श्याने उतरलेलं दिसलं. मूल आईच्या अंगावर पितं, असं आपण म्हणतो ते वेगळ्या अर्थाने.

ब्राझीलच्या सिफोनॉप्समध्येही कातडी खाणं सापडलं, पण तिथे हिशोब जमेना. कातडी मिळायची आठवड्यातून एकदा आणि पिल्लं मात्र गरगरीत होत होती. मग बाहियातल्या कोकोच्या बागांतून आणलेल्या सोळा माद्यांवर कॅमेरे लावले. २०२४च्या मार्चमध्ये छापून आलं ते हे: पिल्लं आईच्या शेपटीच्या टोकाशी जमतात, अंग घासतात, किंचाळल्यासारखा बारीक आवाज करतात, आणि आई मागच्या छिद्रातून चरबीदार पांढरट द्रव सोडते. दिवसातून सहा-सहा वेळा. पहिल्या आठवड्यात त्यांचं वजन दुपटीहून जास्त होतं. दूध म्हणावं का यावर वाद घालणारे घालोत. अंडी घालणारा उभयचर पिल्लांना असा द्रव पाजतो हे तोवर कुणी पाहिलं नव्हतं. प्राणी नवा नव्हता. कोकोच्या बागेत काम करणाऱ्यांच्या कुदळीखाली तो रोज येत होता.

आणि आपल्याकडचं? रत्नागिरी जिल्ह्यात डोर्ले नावाचं गाव आहे. तिथून २००३ साली गेगेनिओफिस शेषाचारी ही जात नोंदली गेली. नाव म्हैसूरचे प्राणिशास्त्रज्ञ बी. आर. शेषाचार यांच्यावरून. पाच वर्षांनी, २००८ साली, कळलं की ही मादी अंडी घालतच नाही, थेट पिल्लं देते. आशियातला पहिला पिल्लं देणारा उभयचर, आणि तो कुठे तर रत्नागिरीच्या जांभ्यात. त्याच कुळातली केरळातली भावंडं अंडी घालतात. एकाच घरातल्या बहिणींनी दोन वेगळे मार्ग धरावेत तसं. आता यात आफ्रिकेतल्या त्या कातडी खाण्याचा धागा येतो. पिल्लं देणाऱ्या इतर देवगांडुळांत पोटातली पिल्लं आईच्या अंडवाहिनीचा अस्तर-थर खास दातांनी खरवडून खातात. बाहेर आल्यावर कातडी खाणाऱ्यांचे दात अगदी त्याच धाटणीचे. म्हणून कातडी खाऊ घालणं आधी आणि पोटात वाढवणं नंतर आलं असावं असं अभ्यासकांना वाटतं. मला स्वतःला हे पटतं.

जगात या घराण्याच्या दोनशेहून थोड्या अधिक जाती माहीत आहेत, त्यांतल्या चाळीसेक भारतात, आणि त्याही बहुतेक सह्याद्रीत. आंबोलीहून २००३ साली गेगेनिओफिस डॅनिएली आली, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जे. सी. डॅनिएल यांच्या नावाने. कोयनेजवळच्या हुंबरळीहून २००४ साली इंडोटिफ्लस महाराष्ट्राएन्सिस. गोव्यात सत्तरीतल्या केरीहून २००७ साली गेगेनिओफिस गोएन्सिस. तारखा बघा. हे सगळं कालपरवाचं आहे, आणि जागा बघा: घाटमाथ्यावरची गावं, रस्त्याच्या कडेचे दगड, माणसांच्या बागा. यांतल्या गेगेनिओफिस आणि इंडोटिफ्लस यांचे सगळ्यात जवळचे नातलग कुठे आहेत? सेशेल्स बेटांवर. खारं पाणी या प्राण्यांना मानवत नाही, पोहून कुणी गेलं नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भारत आणि सेशेल्सची जमीन एकमेकांपासून सुटली तेव्हा काही इकडे राहिले, काही तिकडे. ईशान्य भारतातलं चिकिलिडी हे कूळ तर २०१२ साली वेगळं ओळखलं गेलं आणि त्याचे नातलग निघाले आफ्रिकेत.

कामाचं बोलू. गायरी, परसू किंवा पाट उपसताना परत दिसलं तर काय करायचं?

हात ओले करून उचला, किंवा नुसतं फावड्याने मातीसकट बाजूला घ्या. कोरड्या हाताने, राखेने, सुक्या कपड्याने धरू नका. ते कातडीतूनही श्वास घेतं. हे मी पुस्तकी सांगत नाही. सुरुवातीच्या काळात एक देवगांडूळ मी सापाच्या सुक्या कापडी पिशवीत घालून दोन तास दुचाकीवरून आणलं होतं. पोचलो तेव्हा ते मेलेलं होतं. चूक पूर्णपणे माझी, आणि त्या दिवसापासून माझ्या गाडीच्या डिकीत ओल्या पातेऱ्याचा, म्हणजे पालापाचोळ्याचा, डबा असतो.

मीठ किंवा चुना टाकू नका. बुळबुळीत दिसलं की मीठ टाकायची आपली जुनी खोड आहे. मिठाने ते अंगातलं पाणी गमावून तडफडून मरतं, आणि मिनिटात नाही, बऱ्याच वेळाने. लांब जंगलात नेऊन सोडण्याचीही गरज नाही. तिथली माती त्याला चालेल का हे आपल्याला माहीत नसतं. जिथे निघालं तिथूनच दहा-पंधरा पावलांवर, सावलीत, ओल्या पातेऱ्याखाली ठेवा. दोन मिनिटांत डोकं खुपसून जाईल. वेटोळं आणि खाली घोस दिसला तर मात्र हलवू नका, माती होती तशी लोटा आणि त्या कोपऱ्यातलं काम गणपतीनंतर करा.

गायरीत तणनाशकाचे डबे धुणं बंद करा, एवढं मी वेगळं सांगतो, कारण तुमच्या दुसऱ्या फोटोत मागे तो निळा डबा दिसतोय.

फोटो परत काढायची वेळ आली तर तीन काढा: डोक्याची एक बाजू जवळून, मागचं टोक खालून, आणि पूर्ण लांबी शेजारी पट्टी किंवा खराटा ठेवून. डोळ्याचा ठिपका आहे की नाही आणि मागे इवलीशी शेपूट आहे की नाही, एवढ्यावरून मला कुळापर्यंत जाता येतं. इक्थिओफिसला तांदळाच्या दाण्याएवढी का होईना शेपूट असते, गेगेनिओफिसला नसते.

आजीशी मात्र वाद घालू नका. तिच्या लहानपणी साप म्हणजे काय हे ओळखायला बॅटरी नव्हती, दवाखाना बैलगाडीने अर्ध्या दिवसावर होता. शंका आली की मारा, हे तेव्हा चुकीचं नव्हतं. तिला फक्त त्या वेटोळ्याची गोष्ट सांगा, अंड्यांवरून न हललेल्या मादीची. आमच्या शेजारच्या काकूंना मी ती सांगितली, तेव्हापासून त्या 'दुतोंड्या' म्हणत नाहीत, 'बाळंतीण' म्हणतात, आणि गायरी उपसताना गड्याला आधी काठीने माती सैल करायला लावतात.